मसाल्याचा केक: दोन दिवस आधीपासूनची तयारी

शरदातल्या सुट्टीत पाहुणे येणार असतील, तर लाल भोपळा घातलेला मसाल्याचा केक आदल्या दिवशीच भाजून ठेवा. दालचिनी, सुंठ, लवंग रात्रभरात मुरतात आणि दुसऱ्या दिवशी तोच केक जास्त खुलतो. म्हणजे तयारी त्याच्याही आदल्या दिवशी सुरू करायची.

आधी मसाले हुंगून बघा. दालचिनीचा डबा नाकाशी नेऊनही वास शोधावा लागला, तर ती पूड केकमध्ये काय लागणार? २५० ग्रॅम मैद्याला मी दोन चहाचे चमचे दालचिनी, एक चमचा सुंठ आणि जायफळ-लवंग प्रत्येकी पाव चमचा घेते. जायफळ अख्खंच आणा, ऐनवेळी किसा. लवंगेला हात आखडता हवा, जरा जास्त झाली की बाकीची चव झाकून टाकते. चिमूटभर बेकिंग पावडर गरम पाण्यात आणि सोडा व्हिनेगरमध्ये टाकून बघा. फसफसलं नाही तर नवा डबा आणा.

खरी मेहनत लाल भोपळ्याची. तो उकडू नका, आधीच त्यात पाणी फार. मोठ्या फोडी करून कापलेली बाजू खाली ठेवा आणि २०० अंश सेल्सिअसवर पाऊण तास भाजा. गर मऊ वाटून पातळ फडक्यात घाला, चाळणीवर तासभर निथळू द्या. खालच्या भांड्यात साचलेलं केशरी पाणी बघितलं की पटतं, हे मिश्रणात गेलं असतं तर केक मधोमध ओलाच राहिला असता. माझा पहिला केक असाच बसला होता. गर चमच्यात घेऊन चमचा उलटा धरा. पडला नाही की तो तयार. झाकून फ्रिजमध्ये ठेवला की दोन दिवस सहज राहतो.

अक्रोड १७० अंशांवर आठ-दहा मिनिटं भाजून, गार झाल्यावर चिरून ठेवा. सफरचंदाचा गोड पदार्थही करणार असाल तर फळं घट्ट आणि आंबटसर निवडा, मऊ फळांचा लगदा होतो.

भाजायच्या दिवशी लोणी आणि अंडी तासभर आधी बाहेर काढा. बोटाने दाबल्यावर लोण्यात खळगा पडावा, पण बोट तेलकट होऊ नये. गार अंडी घातली तर फेटलेलं लोणी फुटतं. मैदा वाटीने मोजण्यापेक्षा काट्यावर तोला. वाटीत दाबून भरला की बराच जास्त जातो आणि केक कोरडा होतो. नऊ बाय पाच इंचांच्या टिनमध्ये बटर पेपर असा घाला की दोन्ही बाजूंनी थोडा बाहेर राहील, तोच धरून केक उचलता येतो. ओव्हन १८० अंशांवर निदान वीस मिनिटं आधी लावा. केकला साधारण तास लागतो, पण पन्नासाव्या मिनिटाला मधोमध सळई घालून बघाच.

क्रीम चीजचं आयसिंग केक पूर्ण गार झाल्याशिवाय लावू नका, कोमट केकवर ते वितळून ओघळतं. मी तर आदल्या रात्री केक नुसताच गुंडाळून ठेवते आणि आयसिंग सकाळी लावते.