रात्री ऐकू येणाऱ्या अनोळखी आवाजाचा माग कसा काढावा

रात्री येणाऱ्या अनोळखी आवाजाविषयी कोणालाही विचारले, तर बहुधा दोनच सल्ले मिळतात: दुर्लक्ष करा, किंवा फोनवर ध्वनिमुद्रण करा. पहिल्याने झोप लागत नाही. दुसरा शास्त्रीय वाटतो. परंतु फोनमधील ध्वनिग्राहक माणसाचे बोलणे टिपण्यासाठी घडवलेला असल्यामुळे खोल, घुमणारे आवाज तो बरेचदा गाळून टाकतो आणि शांततेत संवेदनशीलता आपोआप वाढवून किरकोळ खरखर मोठी करून ऐकवतो. म्हणून ‘मुद्रणात काही आले नाही, म्हणजे आवाजच नव्हता’ हा निष्कर्ष टिकत नाही. असे अनेक आवाज शोधल्यानंतर माझे मत पक्के झाले आहे की, आवाज कशाचा हे ठरवण्याआधी तो कोठून येतो हे ठरवावे.

प्रथम नोंद करावी: वेळ, कालावधी, लय, वारा, पाऊस, थंडी. नोंदीत कारण लिहू नये. ‘कोणीतरी रडत होते’ असे न लिहिता ‘चढत गेलेला आणि एकदम तुटलेला सूर, थोड्या अंतराने पुन्हा तसाच’ असे लिहावे.

दुसरी पायरी म्हणजे दोन्ही कान बोटांनी घट्ट बंद करणे. बाहेरचा आवाज कमी होतो. अगदी खोल घुमघुम पूर्णपणे अडत नसली, तरी घटते. आवाज उलट अधिक स्पष्ट झाला, तर तो बहुधा कानातलाच आहे. तो नाडीच्या ठोक्यांशी जुळत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी, हे टाळू नये. झोप लागता लागता डोक्यात स्फोट झाल्यासारखा एकच मोठा आवाज होणे हा वैद्यकाला परिचित असलेला आणि सहसा निरुपद्रवी अनुभव आहे. त्यासाठी घर धुंडाळण्याची गरज नाही.

तिसरी पायरी: घराचा मुख्य वीजप्रवाह बंद करावा आणि इन्व्हर्टरही बंद करावा, कारण तो सुरू राहिला तर स्वतःच गुणगुणू लागतो. आवाज थांबला, तर तो घरातल्याच एखाद्या विजेच्या उपकरणाचा असतो. घरात विजेवर चालणारे वैद्यकीय उपकरण असल्यास हा प्रयोग करू नये.

आता दिशा. हीच पायरी मला सर्वांत जड गेली, आणि बहुतेक मार्गदर्शक ती ‘आवाजाच्या दिशेने चालत जा’ एवढ्या एका वाक्यात उरकतात. हे वाक्य दिशाभूल करणारे आहे. आवाज दोन कानांपर्यंत किंचित वेगवेगळ्या वेळी आणि वेगवेगळ्या तीव्रतेने पोहोचतो, त्यावरून मेंदू दिशा ठरवतो. टकटक, खडखड अशा तुटक आवाजांसाठी ही पद्धत उत्तम चालते. अखंड आणि खोल आवाजासाठी मात्र ती लंगडी पडते. जेथे वीजपुरवठा ५० हर्ट्‌झचा आहे, तेथे रोहित्राची (ट्रान्सफॉर्मरची) गुणगुण मुख्यतः १०० हर्ट्‌झची असते आणि हवेत तिची तरंगलांबी सुमारे ३.४ मीटर भरते, म्हणजे जवळजवळ एका खोलीएवढी. अशा लहरी भिंतींवरून परतून एकमेकींत मिसळतात, त्यामुळे आवाज कोपऱ्यात जोरकस होतो आणि खोलीत काही ठिकाणी जवळजवळ नाहीसा होतो. आपण दोन पावले सरकतो, आवाज थांबतो, मागे येतो तर पुन्हा सुरू होतो, आणि ‘चाहूल लागताच ते गप्प होते’ ही समजूत येथेच जन्म घेते.

म्हणून खोल आवाजाचा पाठलाग करू नये, मोजणी करावी. प्रत्येक खोलीच्या त्याच कोपऱ्यात, त्याच उंचीवर, दारे-खिडक्या आधी बंद आणि मग उघड्या ठेवून ऐकावे आणि तीव्रतेचा अंदाज लिहावा. कोपऱ्याची तुलना कोपऱ्याशीच करावी, खोलीच्या मध्याशी नव्हे. खिडकी उघडल्यावर आवाज वाढला तर उगम बाहेर असण्याची शक्यता अधिक. बदल झाला नाही, तर भिंतीला, नळाला आणि जमिनीला कान लावावा. पोलादातून ध्वनी हवेपेक्षा सुमारे पंधरा पट वेगाने जातो आणि नळातून फारसा न घटता दूरवर पोहोचतो, त्यामुळे तळमजल्यावरील पंपाची घरघर वरच्या छतातून आल्यासारखी वाटू शकते. नळाची तोटी किंवा झडप अचानक बंद झाल्यावर उमटणारा धडाकाही असाच भलत्याच भिंतीतून ऐकू येतो. अंधारात छतावर, गच्चीच्या कठड्यावर किंवा पडीक इमारतीत आवाजामागे मुळीच जाऊ नये. रात्री फक्त नोंद करावी, शोध दिवसा घ्यावा.

बाहेरच्या आवाजाबाबत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड होते, आणि एरवी वर निघून जाणारा आवाज खाली वळतो. दिवसा कधीही ऐकू न येणारी दूरची रेल्वे तेव्हा जवळून गेल्यासारखी वाटते. कॅनडातील विंडसर शहरात २०११च्या सुमारास सुरू झालेल्या गूढ घुमघुमीचा उगम नदीपलीकडे, अमेरिकेच्या हद्दीतील झग बेटावरच्या पोलाद उद्योगाकडे असल्याचे २०१४च्या अभ्यासात दिसून आले, आणि २०२०मध्ये तेथील भट्ट्या थंडावल्यावर तक्रारीही थांबल्या. आवाज एका देशात आणि उगम दुसऱ्या देशात, असेही घडते.

दिशा हाती आली की कारण शोधणे सोपे. संध्याकाळनंतर तडतड होत असेल, तर दिवसभर तापलेले पत्रे आणि लाकूड आकुंचन पावत असते. छतातून घोरल्यासारखा फुत्कार येत असेल, तर गव्हाणी घुबडाची पिल्ले असू शकतात. पाण्यालगत राहणाऱ्यांनी पाण्याखालीही शोध घ्यावा: सॅन फ्रान्सिस्को उपसागरातील सॉसालिटो येथे घरनौकांमध्ये राहणाऱ्यांना हैराण करणारी गुणगुण मिडशिपमन जातीच्या माशांचे नर माद्यांना बोलावण्यासाठी करीत होते.

लोककथांकडे वळायचे ते याच टप्प्यावर. त्यांना खुळचट म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. या कथा म्हणजे कान देऊन ऐकणाऱ्या माणसांच्या नोंदी आहेत. त्यांतील कारण बाजूला ठेवावे आणि वर्णन जपून घ्यावे. इंग्लंडमध्ये रात्री आकाशातून धावणाऱ्या भुतावळी शिकारी कुत्र्यांच्या कथेतून ‘आकाशातून’ आणि ‘कळपाने’ एवढेच घेतले, की अंधारात ओरडत जाणारे रानहंसांचे थवे समोर येतात. आयर्लंडमधील बॅन्शी या मृत्यूची सूचना देणाऱ्या भुताटकीच्या स्त्रीचा आक्रोश गव्हाणी घुबडाच्या किंवा कोल्ह्याच्या किंकाळीशी जुळतो. श्रीलंकेतील ‘उलमा’ या सैतानी पक्ष्याच्या हाकेमागे मोठ्या जातीचे रानघुबड असावे, असे अनेक पक्षी-अभ्यासकांना वाटते. युरोपात भिंतीतील टिकटिक मरणाची सूचना मानली जाई. ती जुन्या लाकडात राहणारा एक भुंगेरा जोडीदाराला बोलावण्यासाठी डोके आपटून करतो. घर निःशब्द असे ते रुग्णाच्या उशाशी जागताना, म्हणून ती नेमकी तेव्हाच ऐकू येई.

काही कथांचे वर्णन मात्र कोणत्याही एका कारणाशी पुरते जुळत नाही. बंगालच्या त्रिभुज प्रदेशात, बारिसालजवळ, समुद्राच्या बाजूने तोफा डागल्यासारखे आवाज येत असल्याच्या नोंदी एकोणिसाव्या शतकात झाल्या. भूकंप, लाटा, वातावरण अशी अनेक स्पष्टीकरणे पुढे आली, परंतु सर्वमान्य असे एकही ठरले नाही. आपलाही आवाज या प्रकारात मोडला, तर काही अंतरावर राहणाऱ्या एखाद्या परिचिताला आपल्या नोंदी न दाखवता त्याच रात्री स्वतंत्र नोंद करायला सांगावे. दोघांच्या वेळा जुळल्या, तर उगम बहुधा घरात नाही एवढे म्हणता येते, आणि ज्याला आवाज मोठा ऐकू आला त्याच्या बाजूने पुढील शोध सुरू करता येतो.