कढईतलं तोन्कात्सु: डुकराच्या मांसाचं जपानी कटलेट

'तोन' म्हणजे डुक्कर आणि 'कात्सु' हे 'कटलेट' या शब्दाचंच जपानी जिभेवर बसलेलं रूप. टोकियोच्या गिन्झा भागातल्या रेंगातेई या उपाहारगृहानं १८९९ साली हा पदार्थ सुरू केला, असं मानतात. आपल्या आलूच्या कटलेटशी नातं नावापुरतंच. इथे कुटणं-मळणं नाही. मांसाचा अख्खा काप तळायचा. निम्मी करामत वरच्या चुऱ्याची असते.

मांस घेताना आधी तोंड उघडा, नाहीतर रश्शाच्या हिशोबानं हाडासकट तुकडे पडलेच म्हणून समजा. पाठीचं, कण्यालगतचं मांस सलग मागा, हाड काढून. देशी काळ्या डुकराला चरबीचा थर जाड असतो. अर्धा सेंटिमीटर ठेवून बाकीची काढा. मांसात साबुदाण्यासारखे पांढरे दाणे दिसले तर घेऊच नका, त्या पट्टकृमीच्या अळ्या असतात. रानडुकराचा वाटा कुणी आणून दिला तरी नको म्हणा: परवानगीशिवाय शिकार हा गुन्हा आहे, आणि कात्सुसाठी ते मांस चिवटही पडतं.

अर्धा किलोचा गोळा पाऊण तास फ्रीझरमध्ये ठेवला की सुरी सरळ चालते. दीड सेंटिमीटर जाडीचे चार काप करा. चरबी आणि मांस जिथे जुळतात तिथे पांढरी शीर असते; सुरीच्या टोकानं ती चार-पाच जागी तोडा. हे चुकवलं की तेलात शीर आखडते, काप वाटीसारखा वळतो आणि मधे कच्चा राहतो. मग बत्त्यानं हलकं ठोका, मीठ-मिरपूड लावा. हळद, आलं-लसूण, तिखट काही नको.

चुऱ्यासाठी साधा, बिनगोड ब्रेड घ्या, सहा-सात काप. कडा काढून मोठ्या छिद्रांच्या किसणीवर किसा. मे महिन्यात सावलीत ठेवला तरी तो तासा-दोन तासांत हवा तेवढा सुकतो. पावसाळ्यात कोमट तव्यावर हलवून घ्या, पण रंग चढू देऊ नका. टोस्टची पूड किंवा रवा चालत नाही. बारीक पुडीचं घट्ट कवच होतं. मोठ्या कणांत हवा राहते, म्हणून ते फुलून खुसखुशीत होतात. गोड पावाचा चुरा मांस शिजण्याआधीच करपतो.

काप कोरडा पुसा. मैदा लावून जादाचा झटका, दोन अंड्यांत चमचाभर तेल फेटून त्यात बुडवा, चुऱ्यावर ठेवून तळहातानं दाबा. दहा मिनिटं तसेच राहू द्या. तळताना कवच सुटतं ते बहुधा ओल्या मांसामुळे किंवा मैद्याच्या जाड थरामुळे.

कढईत निदान चार-पाच सेंटिमीटर सोयाबीनचं किंवा सरकीचं तेल हवं. जवसाचं नको, ते लवकर जळतं. १७० अंश ओळखायची खूण: चुऱ्याची चिमूट टाकली की ती अर्ध्यावर बुडून वर येते. वरच तडतडली तर जाळ जास्त आहे. लाकूड थोडं बाहेर ओढा. एका वेळी एक-दोनच काप सोडा आणि पहिलं मिनिट झारा लावू नका. तीन मिनिटं एक बाजू, दोन दुसरी. मग जाळीवर उभे करून चार मिनिटं थांबा. आतली उष्णता मधोमध पोचते. शेवटी तेल १८० अंशांवर नेऊन मिनिटभर पुन्हा तळा. मधला तुकडा कापून पाहा. गुलाबी असेल तर परत कढईत. कागदावर आडवं ठेवलं की खालची बाजू वाफेनं मऊ पडते.

सोबत केसासारखी चिरलेली कच्ची पत्ताकोबी, थंड पाण्यात दहा मिनिटं ठेवून निथळलेली. सॉससाठी चार चमचे टमाटर केचप, दोन चमचे चिंचेचा कोळ, एक चमचा सोया सॉस, एक चमचा गूळ. दोन मिनिटं उकळा. मूळ जपानी सॉस ज्यावर बेतलेला आहे त्या विलायती वूस्टरशायर सॉसमध्येही चिंच असतेच, त्यामुळे हा बदल परका लागत नाही. मोहरीची पूड कोमट पाण्यात कालवून दहा मिनिटं झाकली की झणका येतो. उकळत्या पाण्यानं तो मरतो.

कात्सुदोन, म्हणजे भातावर वाढलेलं कात्सु, हा प्रकार मात्र मुद्दाम ओला. त्याला दाशी लागते, म्हणजे समुद्रशेवाळ आणि सुकवलेल्या माशाचं पाणी. इथे आठवडी बाजारातलं सुकट पाच मिनिटं उकळून गाळा. एका माणसाला अर्धा कप पाणी, दीड चमचा सोया सॉस, एक चमचा साखर, अर्धा कांदा. कांदा मऊ झाला की कापलेलं कात्सु ठेवा, दोन अंडी हलकेच फेटून ओता, झाकून मिनिटभर. खाली नव्या तांदळाचा भात हवा. तो चिकट होतो, एरवी जो दोष तोच इथे गुण.

कात्सु करीवर सावजी रस्सा ओतायचा मोह आवरा. जपानी करी मैदा भाजून दाट केलेली, गोडसर असते. आपली तर्री कवचात मुरते आणि तिखटापुढे मांस लागतच नाही. जपानच्या नागोया शहराकडे वर लाल मिसोचा, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या खारट लगद्याचा, सॉस घालतात, पण तो मिसो इथे सहजी मिळत नाही आणि त्याला पर्यायही नाही.

डुक्कर चालत नसेल तर कोंबडीच्या छातीचं मांस आडवं फाडून तसंच करा. पहिली तळणी चार मिनिटांत होते. उरलेलं कात्सु सॉस लावून ब्रेडमध्ये दाबलं की दुसऱ्या दिवशी शेतावर न्यायला सँडविच तयार, फक्त हिवाळ्यात. उन्हाळ्यात ते रात्रीच संपवा.