जुन्या अँबेसेडरला त्याच काळचा हीटर

माझी मार्क-१ अँबेसेडर आर्वीजवळच्या गावात असते. जानेवारीच्या पहाटे तिला चिखलदऱ्याला न्यायचं तर हीटर पाहिजेच, आणि तो तिच्याच काळातला पाहिजे. नव्या प्लॅस्टिकच्या डब्यानं डॅशबोर्डची सगळी शोभा जाते.

आधी बोनेट उघडा. १४८९ सीसीचं ओव्हरहेड व्हॉल्व्ह इंजिन असेल तर सिलिंडर हेडच्या मागच्या टोकाला हीटरच्या कॉकची, म्हणजे इंजिनचं गरम पाणी हीटरकडं सोडणाऱ्या तोटीची, जागा असते. हीटर नसलेल्या गाडीत ती पट्टी लावून बंद केलेली दिसते.

अँबेसेडर ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्ड सीरीज ३ वरून आली, म्हणून शोधायचा तो पन्नाशीच्या दशकातला स्मिथ्स या ब्रिटिश कंपनीचा हीटर. कोलकात्याच्या मल्लिक बाजारात आणि दिल्लीच्या मायापुरीत विचारा. थंड डोंगराळ भागातली भंगार गाडी दिसली तर अवश्य वाकून बघा. पत्रा गंजलेला चालतो, पण मूळ लेबल आणि नॉब शाबूत हवेत. तेच पुन्हा मिळत नाहीत.

हीटरच्या आतली, गरम पाणी फिरणारी जाळी तालुक्याच्या रेडिएटरवाल्याकडं पाण्यात बुडवून, हलकी हवा भरून तपासा. बुडबुडे आले तर झाळकामाचा डाग देता येतो. जाळी पार कुजली असेल तर सौदा सोडा. मोटर १२ व्होल्टची आहे ना, हे पाहा. त्या काळच्या बऱ्याच ब्रिटिश घडणीच्या गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं, असे, म्हणून वायर जोडण्याआधी बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला आहे ते बघा. रबरी पाइप मात्र नवेच घ्या.

होळी झाली की इंजिनवरचा कॉक घट्ट बंद करा, नाहीतर आपल्या मे महिन्यात पायाशी उकळतं पाणी फिरत राहील.