जिवाणूंवर पीएचचे (आम्लतेचे) प्रयोग करताय? या चुका टाळा

सोलापुरात मे महिना आला की प्रोजेक्ट उरकायची घाई सुरू होते आणि दर वर्षी कुणीतरी माझ्यापुढे आंबील आणून ठेवतं. ज्वारीची नव्हे, आगरची, म्हणजे जिवाणू वाढवायचं माध्यम ज्याने घट्ट होतं त्याची.

पीएच ४ चं माध्यम हवं म्हणून पोरं आधीच ॲसिड घालतात आणि मग ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र) लावतात. आम्ल आणि उष्णता एकत्र आली की आगरच्या साखळ्या तुटतात. एकीने अशा चाळीस प्लेट ओतल्या. "सर, होईल की घट्ट!" वरून साय धरल्यासारखं दिसलं, म्हणून उलट्या करून इन्क्युबेटरमध्ये ठेवल्या. सकाळी दार उघडलं तर जाळीवरून चिकट ओघळ. घासायला मीच. ॲसिड वेगळं निर्जंतुक करा आणि आगर पन्नास अंशांच्या आसपास आल्यावर मिसळा. किती लागेल ते थोड्या माध्यमावर आधी बघून ठेवा. मी आगरही दीडऐवजी दोन टक्के घेतो.

दुसरी चूक माझ्या डोक्यात जाते. रात्रभर वाढलेला ई. कोलाय हा जिवाणू पीएच २.५ मध्ये तगला, सकाळचा ताजा मेला. लगेच वहीत 'अनुकूलन झाले', म्हणजे आम्लाचा सराव झाला. अहो, अन्न संपून वाढ थांबली की हा जीव तसाही चिवट होतो. माध्यमात ग्लुटामेट हे अमिनो आम्ल असेल तर त्याचं गाबा नावाचं दुसरं संयुग करताना पेशीतला प्रोटॉन (आम्लता आणणारा कण) खर्ची पडतो आणि आतला पीएच सावरतो. सराव दाखवायचा तर वाढीच्या एकाच टप्प्यातल्या पेशी घ्या. अर्ध्या ५.५ ला, अर्ध्या ७ ला ठेवा, मग दोन्हींना आम्लाचा सारखाच झटका द्या. वाचलेल्या पेशी साध्या माध्यमात बऱ्याच पिढ्या वाढवून पुन्हा तपासा. चिवटपणा गेला तर ते उत्परिवर्तन नव्हतं. यात दोन-तीन दिवस जातात, आणि तेवढेच कुणाला नको असतात.

पीएच शेवटीही मोजा. ग्लुकोज असेल तर तो खाली घसरतो, नुसतं पेप्टोन (प्रथिनांचे तुकडे) असेल तर अमोनियामुळे वर चढतो.

आपल्या रानातली चुनखडीची काळी माती चमचाभर आम्ल ब्रॉथमध्ये (पातळ माध्यमात) टाकलीत तर ती फसफसून ॲसिडच मारते. मग वाढलेले जिवाणू आम्लप्रेमी कुठले? मातीचं पातळ द्रावण करा, निवळू द्या, वरचं थेंबभर घ्या.

अल्कलीत काम असेल तर पीएच मीटर ७ आणि ९.२ च्या बफरवर (ठरावीक पीएचच्या द्रावणावर) लावा. इलेक्ट्रोड डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून घरी जाऊ नका, ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये ठेवा. पीएच पेपरवर भागवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.