नळी झिजली म्हणण्याआधी

गेल्या चवथीच्या सुट्टीत भाचा फोंड्याला आला तो तोंड पाडूनच. "मामा, रायफलची नळी झिजली. ग्रूप फाटतो, छर्रे एका जागी न लागता पसरतात." त्याची रायफल जुनी, हवेच्या दाबावर छर्रा सोडणारी, दहा मीटरच्या नेमबाजीची, ४.५ मिलिमीटरची. मी म्हटलं, थांब. शिशाचा मऊ छर्रा सेकंदाला जेमतेम १७० मीटरने जातो, तो पोलादाला काय झिजवणार? नळी बिघडते ती गंजाने, आत साचलेल्या शिशाच्या जाड थराने आणि चुकीच्या सळईने.

आधी रायफल रिकामी आहे याची खात्री करा. हवा भरायची लिव्हर उघडी ठेवा आणि नळीच्या मागच्या तोंडात स्वतः डोकावून बघा. दुसऱ्याच्या शब्दावर विसंबू नका.

साफसफाईला सळई नको. पुढच्या तोंडातून सळई घातली की ती तोंडाची कड घासते, आणि छर्रा नळी सोडताना शेवटचा स्पर्श त्याच कडेला होतो. ती एका बाजूने खरवडली तर मागची हवा तिरकी सुटते आणि छर्रा कलतो. मासे गरवायची जाड तंगूस घ्या, दुहेरी करा, पुढून आत सोडून मागे काढा. मागच्या फासात जुन्या पंचाची छोटी चिंधी अडकवा आणि पुढे ओढा. चिंधी हलक्या ओढीने सरकली पाहिजे. मोठी घेतली तर मध्येच अडकते, आणि ती काढताना माझी एक अख्खी संध्याकाळ गेली आहे. भाच्याच्या नळीतून पहिल्या चार चिंध्या काजळासारख्या काळ्या निघाल्या. चिंधी फिकी निघेपर्यंत ओढत राहा. तेल आत सोडू नका. स्प्रिंगने हवा दाबणाऱ्या रायफलीत तर मुळीच नको, दाबाने तापलेल्या हवेत ते पेट घेतं.

मग कड तपासा. कानात घालायची कापसाची काडी आतून बाहेर, चारी बाजूंनी फिरवा. जिथे तंतू अडकेल तिथे कंगोरा आहे. तो कानस घेऊन घरी घासू नका, लेथवर जाणकाराकडूनच काढून घ्या. आमच्याकडे एकही तंतू अडकला नाही. भाच्याचा चेहरा तिथेच खुलला.

साफ केल्यावर पहिले पंधरा-वीस छर्रे इकडेतिकडे जातात, नळीला पुन्हा शिशाचा पातळ लेप बसावा लागतो. त्यावरून काही ठरवू नका. त्यानंतर रायफल टेकूवर ठेवून ४.४९, ४.५० आणि ४.५१ मिलिमीटर रुंद डोक्याच्या छर्ऱ्यांचे पाच-पाच बार काढा. नळीला कुठला छर्रा मानवतो ते कागदच सांगतो. त्याच्या नळीला ४.५० मानवला, पाचही भोकं एकमेकांत मिसळली.

आमच्या पावसात रायफल फोमच्या पेटीत बंद करून ठेवू नका, फोम दमट होतो आणि गंज तिथूनच धरतो. कापडात गुंडाळा, सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, बाहेरून पातळ तेलाचा हात फिरवा. आणि शिसं विषारी आहे, हात साबणाने धुतल्याशिवाय मोदकाला हात लावू देत नाही मी त्याला.