पिल्लाचा पाय बांधण्याआधी

अंड्यातून नुकतंच बाहेर पडलेलं कोंबडीचं पिल्लू पहिले काही तास धडपडतंच. अंग ओलं असतं, मान सावरत नाही, उठायला जातं आणि तोंडावर पडतं. तेव्हा त्याला हात लावू नका. अंग सुकून लव फुलली, भावंडं तुरुतुरु फिरू लागली आणि तरीही एखादं पोटावरच सरपटत असेल, तर मात्र त्याला उचलून बघा. पोटात ओढून घेतलेला बलक त्याला दोन दिवस सहज पुरतो, म्हणून खाण्याची घाई नसते. घाई पायाची असते. पहिल्या दोन दिवसांत सांधे इतके मऊ असतात की वळवाल तसे वळतात. आठवडाभराने तोच पाय दाद देत नाही.

मी घरी छोट्या इन्क्युबेटरमध्ये अंडी उबवते. सुरुवातीला ‘पाय वाकडा’ एवढंच मला कळायचं आणि उपायही एकच माहीत होता, दोन्ही पाय एकमेकांना बांधायचे. त्यात माझं एक करड्या रंगाचं पिल्लू गेलं. त्याचा डावा पाय बाजूला गेला होता. मी पट्टी बांधली आणि तीन दिवस वाट पाहिली. उचललं की ते दरवेळी ओरडायचं, आणि मला वाटायचं की ते घाबरतंय. चौथ्या दिवशी पट्टी सोडली तेव्हा सांधा सुजून जाड झाला होता. पाय मुळात फाकलाच नव्हता, सांध्यामागची शीर (रक्तवाहिनी नव्हे, स्नायूला हाडाशी जोडणारा दोर, म्हणजे टेंडन) जागेवरून सरकली होती. बसवता आली असती ते दिवस मी पट्टीत घालवले. तेव्हापासून पट्टी कापायच्या आधी मी दोन्ही पाय बोटांनी चाचपते.

चाचपताना पिल्लू तळहातावर हलकं धरा, छातीवर दाब नको. पक्ष्याची छाती हलली नाही तर त्याला श्वासच घेता येत नाही. पायाच्या मधोमध जो सांधा मागे दुमडतो, ज्याला आपण गुडघा म्हणतो, तो खरं तर त्याचा घोटा. दोन्ही घोटे शेजारी शेजारी धरून बघा. मागच्या बाजूला मधोमध, जाड दोऱ्यासारखी शीर बोटाला लागली पाहिजे. एका पायात ती मधोमध आणि दुसऱ्यात कडेला लागत असेल, घोटा मागून सपाट किंवा सुजलेला असेल, हात लावताच पिल्लू कळवळत असेल, तर शीर सरकली आहे. घोटे दोन्ही सारखे, पण पाय मांडीपासून बाजूला पसरलेले असतील, तर ते फाकलेले पाय. आणि पाय सरळ असून बोटंच मुठीसारखी वळली असतील, तर तो तिसराच प्रकार.

सर्वांत जास्त दिसतात ते फाकलेले पाय, आणि त्यात बहुतेक वेळा दोष खालच्या जमिनीचा असतो. वर्तमानपत्र, गुळगुळीत प्लास्टिकचा ट्रे, पत्रा, यांवर पिल्लाची नखं रुतत नाहीत. उभं राहायला गेलं की पाय घसरतात, पुन्हा उठतं, पुन्हा घसरतात, आणि तीच सवय सांध्याला लागते. म्हणून आधी त्याच्याखाली खरखरीत टॉवेल किंवा जाळीदार रबरी चटई टाका. नुसती जमीन बदलल्यावर काही तासांत उभी राहिलेली पिल्लं मी पाहिली आहेत. नाही राहिलं, तर बांधा.

बांधायला जखमेवर लावायची, मध्ये मऊ गादी असलेली चिकटपट्टी मला सर्वांत सोयीची वाटते. ती लांबीच्या दिशेने उभी कापून निम्म्या रुंदीची करा. गादी दोन पायांच्या मध्ये येऊ द्या आणि दोन्ही टोकं एकेका पायाभोवती, घोट्याच्या खाली आणि पंजाच्या वर, गुंडाळून पट्टीलाच चिकटवा. पायांमधलं अंतर निरोगी भावंड उभं असताना दिसतं तेवढंच ठेवा. साधारण आकाराच्या पिल्लात ते अडीच सेंटीमीटरच्या आसपास भरतं, बँटमसारख्या लहान जातीत त्याहून कमी. जवळ ओढून बांधलं तर ते तोल जाऊन पडतं, लांब ठेवलं तर पट्टीचा उपयोगच नाही. दोरा किंवा रबरबँड कधीही वापरू नका, तो कातडीत रुततो. तासाभराने पंजे बघा. सुजले, थंड पडले किंवा रंग काळपट झाला, तर पट्टी लगेच सोडून सैल बांधा.

पहिला अर्धा तास ते पाहवत नाही. पिल्लू उलटतं, फडफडतं, ओरडतं. पोटाखाली हात देऊन उभं करा, दोन मिनिटं धरा, मग विश्रांती द्या. दिवसातून पाच-सहा वेळा असं केलं की ते स्वतः पाऊल टाकू लागतं. मध्ये त्याला लहान कपात मऊ कापड कोंबून बसवलं तरी चालतं, पाय आपोआप अंगाखाली राहतात. त्याला वेगळ्या खोक्यात ठेवा, कारण भावंडं पट्टीला टोचतात. पाण्याचं भांडं उथळ हवं आणि त्यात खडे घालायचे, नाहीतर बांधलेलं पिल्लू तोंडावर पडून बुडतं. पाय रोज वाढतात, म्हणून पट्टी रोज नवी बांधायची. काढताना तेलाचा थेंब लावा, ओढू नका. पहिल्याच दिवशी बांधलेलं पिल्लू बहुधा तीन-चार दिवसांत मोकळं चालतं.

उबवणीच्या अठराव्या दिवशी अंडी फिरवणं थांबवते, तेव्हाच मी ट्रेमध्ये जाळीदार चटई अंथरते. तापमानही तपासा. पंखा असलेल्या इन्क्युबेटरमध्ये ३७.५ अंश सेल्सियस लागतं. ते चढलं की पिल्लं लवकर बाहेर येतात आणि फाकलेले पाय, वाकडी बोटं जास्त दिसतात.

शीर सरकली असेल तर तासांचा हिशोब असतो. शक्य असेल तर त्याच दिवशी पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे न्या. मिळत नसतील तर असं करा: पाय हळूच मागे ताणून घोटा सरळ करा, म्हणजे शीर सैल पडते. अंगठ्याने ती कडेवरून मधोमध, तिच्या खाचेत ढकला. बसली की बोटाला कळतं. मग पाय हळूहळू दुमडून शीर जागेवर राहते का बघा आणि उभं राहताना असतो तेवढाच घोटा वाकवून मऊ, स्वतःला चिकटणारी पट्टी गुंडाळा. ती वारंवार सरकते, हे सांगितलंच पाहिजे. यामागे बऱ्याचदा मँगनीज किंवा कोलीनची कमतरता असते, आणि पिल्लू जन्मतःच असं असेल तर आई कोंबडीच्या खाद्यात बघा. पिल्लांना अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य घालू नका. त्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं, पिल्लांना एक टक्का पुरतं, आणि जादा कॅल्शियम मँगनीज अंगी लागू देत नाही.

वळलेल्या बोटांचं काम सोपं आहे. पातळ पुठ्ठ्याचा पंजाएवढा तुकडा कापा, बोटं पसरून त्यावर ठेवा, वरून कागदी मेडिकल टेप लावा. असा बूट दोन-तीन दिवस ठेवला की बोटं सरळ होतात. पण एकाच घाण्यात अनेक पिल्लांची बोटं आत वळलेली असतील आणि ती घोट्यांवर टेकून चालत असतील, तर जीवनसत्त्व बी-२ कमी आहे असं समजा. पाण्यात विरघळणारं जीवनसत्त्व पाकिटावरच्या प्रमाणात द्या. पाणी रोज बदला आणि सावलीत ठेवा, कारण बी-२ उजेडाने नष्ट होतं. उशीर झाला तर नसांना झालेली इजा भरून येत नाही.

बेंबी ओली, वास येणारी असेल किंवा घोटा गरम लागत असेल, तर तो जंतुसंसर्ग. तिथे पट्टी नको, डॉक्टर हवेत, आणि अंदाजाने अँटिबायोटिक तर नकोच. दोन-तीन आठवड्यांच्या पिल्लांत एकामागून एक लंगडेपणा किंवा अंगाला थरथर दिसू लागली तरी तेच. तोवर ती वेगळी काढा. आजारी पिल्लू हाताळल्यावर हात साबणाने धुवा.

काही पिल्लं उठत नाहीत. दोनदा बसवलेली शीर तिसऱ्यांदा सरकली, घोटा मोठा होत चालला, पिल्लू स्वतः पाण्यापर्यंत जात नाही आणि दिवसभर कण्हतं, असं झालं की मी डॉक्टरांना वेदना न देता त्याचा शेवट करण्याबद्दल विचारते. तोपर्यंत ते उबेत असतं, आणि शेजारी एक शांत स्वभावाचं भावंड ठेवते. एकटं ठेवलं तर ते हाका मारत राहतं.