पक्ष्यांच्या बाजारासाठी राळा: खरिपाची तयारी

लव्हबर्ड, बजरी (छोटे पोपट) पाळणाऱ्यांच्या दुकानात 'कॅनरी सीड' म्हणून मिळणारे चकचकीत, दोन्ही टोकांना निमुळते बी पाहून 'हे आपल्याकडे लावावे का?' असे काही शेतकरी विचारतात. लावू नये. हे थंड हवेचे पीक. जगाच्या बाजारात येणारा बहुतेक माल कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतातला. शिवाय ते गव्हातल्या गुल्लीदंडा या तणाच्या जवळच्या नात्यातले गवत आहे, आणि जुन्या वाणांच्या तुसावरची बारीक लव मळणीत अंगाला खाज आणते.

त्याच दुकानात 'कांगणी' नावाने जे पिवळे बारीक दाणे विकले जातात, तो मात्र आपला राळा. हलक्या, निचऱ्याच्या जमिनीत ८० ते ९० दिवसांत हाती येतो.

पेरणी चांगला पाऊस होऊन वापसा आल्यावर लगेच उरका. उशिराच्या पेऱ्यात खोडमाशी जास्त लागते. हेक्टरी ८ ते १० किलो बियाणे पुरे. दोन ओळींत २५ ते ३० सेंमी अंतर ठेवा. बी २-३ सेंमीपेक्षा खोल गेले तर उगवण कमी होते. थायरम हे बुरशीनाशक लावलेले बियाणे उरले तर ते विक्रीच्या मालात चुकूनही मिसळू नका, पक्ष्यांना ते घातक ठरू शकते.

पैसा खरा काढणीत आहे. सुट्या दाण्यापेक्षा अख्ख्या कणसाला शौकीन लोक जास्त मोजतात, कारण पिंजऱ्यात टांगलेले कणीस पक्षी तासन्‌तास टोचत बसतो. त्यासाठी भरदार, न मोडलेली कणसे वीतभर दांड्यासह कापा, सावलीत पसरून वाळवा आणि जुड्या बांधून पुठ्ठ्याच्या खोक्यात भरा. पावसात भिजलेले, काळपट पडलेले कणीस यात घालू नका. बुरशीचा वास आला की दुकानदार अख्खे खोके परत करतो. उरलेल्या मालाची मळणी करा, उफणून बारीक चाळणीने धूळ काढा आणि कडक ऊन दिल्यावरच पोती भरा.

दाणा भरताना मुनियांचे थवे उतरतात. शिवारात एकट्याचाच राळा असेल तर सगळा भार त्याच्यावर येतो, म्हणून शेजाऱ्यांनी मिळून एकाच आठवड्यात पेरा करावा. चमकत्या फिती बांधा, सकाळ-संध्याकाळ राखण ठेवा. विषारी दाणे टाकू नका. जाळ्यात मुनिया धरून विकणे तर वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, मग घेणारा कितीही पैसे देऊ करो.

पेरणीआधी जवळच्या शहरातल्या दोन-तीन दुकानदारांना भेटून कणसे किती आणि सुटा दाणा किती खपतो ते विचारून घ्या, आणि पहिल्या वर्षी पाच-दहा गुंठ्यांपलीकडे जाऊ नका.